श्रद्धा पक्की असेल तर दर रविवारी चर्चला जायलाच हवं का?

नगरची_लेक

जय ख्रिस्त मंडळी. आमच्या घरात सध्या जेवायला बसलं की ज्या विषयावर वाद होतो तोच इथे मांडतेय, कारण घरातल्या घरात तो सुटत नाहीये.

माझा धाकटा भाऊ पिंपरीला असतो, आयटीत आहे. श्रद्धेच्या बाबतीत त्याला नाव ठेवायला जागा नाही. पहाटे उठून बायबल वाचतो, रात्री मुलांना घेऊन प्रार्थना करतो, पगारातला दशांश बाजूला काढतो आणि कुणाच्या शाळेच्या फीला, कुणाच्या डायलिसिसला देतो, कधी बोलूनही दाखवत नाही. पण चर्चला जात नाही. मार्च २०२० मध्ये सगळं बंद झालं, १६ नोव्हेंबरला पाडव्याच्या दिवशी उघडलं, दुसऱ्या लाटेत परत बंद, मग ७ ऑक्टोबर २०२१ ला पुन्हा उघडलं, तेव्हा आम्ही सगळे गेलो आणि हा गेलाच नाही. म्हणतो ताई, त्या दीड वर्षात मी देवाच्या जेवढा जवळ गेलो तेवढा आधी कधी नव्हतो, मग परत जायचं कशासाठी, संदेश यूट्यूबवर जास्त चांगले मिळतात, गाणी घरी म्हणतो, आणि दोघे-तिघे माझ्या नावाने जमतात तिथे मी असतो असं प्रभूनेच सांगितलंय, आमच्या घरात तर चौघं आहोत.

मला हे उडवून लावता येत नाही आणि पटतही नाही.

आमचे आजोबा राहुरीकडच्या एका खेड्यात चर्चच्या मंडळीचे वडील, म्हणजे एल्डर, होते. अमेरिकन मराठी मिशनचं काम नगरला १८३१ पासूनचं, आणि पुढे खेड्यापाड्यांत जी माणसं ख्रिस्ती झाली ती बहुतेक महारवाड्यातली आणि मांगवाड्यातली. आठवडाभर ज्यांना चावडीच्या ओट्यावर बसता येत नव्हतं ती माणसं रविवारी ख्रिस्ती देवळात सतरंजीवर एकत्र बसायची, त्यातला कुणीतरी उभा राहून शास्त्र वाचायचा, बायका वाचायला शिकायच्या. त्या लोकांना कुणी विचारलं असतं की घरीच प्रार्थना केली तर चालणार नाही का, तर त्यांना तो प्रश्नच कळला नसता. एकत्र बसता येणं हाच त्यांच्यासाठी सुवार्तेचा मोठा भाग होता. म्हणून भाऊ जेव्हा म्हणतो की मला चर्चमधून काही मिळत नाही तेव्हा मला आत कुठेतरी लागतं, कारण जाण्याचा हिशोब फक्त "मला काय मिळतं" असा कधी नव्हताच.

नाताळ आणि ईस्टरलाच दिसणाऱ्यांबद्दल मी विचारत नाहीये. ज्याची श्रद्धा खरी आहे, आयुष्यात दिसते, त्याने दर रविवारी जावं की नाही? आणि जावं तर का? सगळ्यांनी मोकळेपणाने लिहा, कॅथलिक, प्रॉटेस्टंट, पेंटेकोस्टल सगळ्यांनी.

आगाशीकर

ताई, आम्हा कॅथलिकांकडे तुमचा निम्मा प्रश्न आधीच सुटलेला असतो. रविवारची मिस्सा, म्हणजे आमची उपासना, बंधनकारक आहे, १९८३ च्या कॅनन लॉमध्ये, म्हणजे कॅथलिक चर्चच्या कायद्यात, १२४७ नंबरचं कलम बघा. मुद्दाम, काही कारण नसताना चुकवली तर ते गंभीर पाप धरतात आणि आधी पापनिवेदन करून मगच कम्युनियन, म्हणजे ख्रिस्तशरीर म्हणून दिली जाणारी भाकर, घ्यायचं. पण चर्चच्या शिकवणीत माणसाचा विचारही आहे, तो लोक सांगत नाहीत. आजारपण, तान्हं मूल, न सोडता येणारी ड्युटी असेल तर दोष नाही. शनिवारी संध्याकाळची मिस्सा चालते. धर्मगुरूच नसेल तर शब्दविधी, म्हणजे शास्त्रवाचनाची उपासना, करा, नाहीतर घरी कुटुंबाने मिळून प्रार्थना करा असंही १२४८ मध्ये आहे. म्हणजे तुमच्या भावाचं घरचं प्रार्थनेचं चित्र आमच्याकडेही आहे, फक्त ते अडचणीच्या वेळचं आहे.

लॉकडाऊनमध्ये बिशपांनी सूट दिली होती आणि आम्ही पण मोबाईलवर मिस्सा बघितली. आईवडील तर टीव्हीसमोर गुडघे टेकून बसायचे. पण स्क्रीनवरून कम्युनियन घेता येत नाही हो, आमच्यासाठी गाडी तिथेच अडते. प्रवचन कुठूनही ऐकता येईल, ख्रिस्तशरीर हातावर किंवा जिभेवर घ्यायचं तर तिथे जावंच लागतं.

माझी आजी लॅटिन मिस्सेच्या काळातली. व्हॅटिकन परिषदेचा उपासनेवरचा दस्तऐवज डिसेंबर १९६३ चा, मराठी त्याच्यानंतर आली. तोवर वेदीवर काय म्हणतात त्यातलं एक अक्षर तिला कळत नव्हतं, ती रोझरी जपत बसायची, पण पावसात गुडघाभर पाण्यातून जायची. तिला "काय मिळत होतं" हे मला नीट सांगता येणार नाही पण गावात कुणाच्या घरी मयत झाली, कुणाचं पोर आजारी पडलं तर पहिली आजी पोचायची, कारण तिला रविवारी कळलेलं असायचं.

परखड_बोलतो

भाऊ बरोबर आहे असं म्हणणारा एक तरी हवा म्हणून लिहितोय. मी पाळकाच्या घरातला आहे, संडे स्कूल शिकवलं, तरुण संघात होतो, गुड फ्रायडेला येशूच्या क्रुसावरच्या सात उद्गारांपैकी एकावर बोलायला मला उभं करायचे. आज जात नाही.

कारण सांगतो. आमच्या मंडळीत कमिटीच्या निवडणुकीवरून दोन गट पडले, मग मिशनच्या जागेवरून केस, मग दुसरी केस, एका रविवारी देवळाच्या दाराला दोन गटांची दोन कुलपं होती आणि पोलीस उभे होते. वेदीसमोर उभं राहून माणसं एकमेकांना शिव्या देताना माझ्या मुलीने बघितलं. त्या दिवशी ठरवलं की हिला प्रभूबद्दल घरीच सांगायचं. ती आज प्रार्थना करते, बायबल तिला पाठ आहे, आणि माणसांचा द्वेष करायला शिकलेली नाही. मग माझं काय चुकलं सांगा.

आणि इतिहासच काढायचा असेल तर रेव्हरंड टिळकांचं काय? ज्यांची भजनं आपण दर रविवारी म्हणतो तेच ना. वा. टिळक १९१७ साली मिशन सोडून बाहेर पडले होते. त्यांना पण कंटाळाच आला होता या व्यवस्थेचा. भक्ती इमारतीत नसते. येशूने शोमरोनी बाईला विहिरीपाशी हेच सांगितलं, ना या डोंगरावर ना यरुशलेमात.

निवृत्त_मास्तर

परखडराव, तुमच्या मुलीने जे बघितलं त्याबद्दल वाईट वाटतं, आणि ते झाकून ठेवू नये या मताचा मी आहे. आपल्या मंडळ्यांमधल्या जमिनीच्या भांडणांनी जितकी माणसं बाहेर घालवली तितकी कुठल्या नास्तिकाने घालवली नसतील.

पण टिळकांचं उदाहरण तुम्ही अर्धंच दिलंत. १८९५ ला बाप्तिस्मा, पुढे नगरला मिशनमध्ये शिकवणं, ज्ञानोदय या मिशनच्या पत्राचं संपादन, एवढं सगळं करून १९१७ ला त्यांनी मिशनची नोकरी सोडली हे खरं. पण सोडून ते घरी बसले का? साताऱ्याला त्यांनी देवाचा दरबार सुरू केला, आणि त्यात बाप्तिस्मा घेतलेले आणि न घेतलेले, दोन्ही प्रकारचे येशूचे शिष्य एकत्र यावेत असं त्यांना हवं होतं. म्हणजे एक मंडळी त्यांना अपुरी वाटली तर त्यांनी तिच्याहून मोठं एकत्र येणं मागितलं. दोनच वर्षांनी, मे १९१९ मध्ये, ते गेले, ते काम पुरं झालं नाही. पण एकट्याने भक्ती करण्याचा दाखला म्हणून त्यांचं नाव घेऊ नका, माणसं जोडल्याशिवाय त्यांना करमत नव्हतं.

आता शास्त्राकडे येतो. सगळे बायबलातल्या इब्री पत्रातलं १०:२५ काढतात, "आपले एकत्र मिळणे न सोडता", आणि पाळक ते हजेरी वाढवायला वापरतात. पण त्याच अध्यायात थोडं खाली ३२ ते ३४ वाचा. ज्यांना हे पत्र लिहिलंय त्यांची चारचौघांत विटंबना झाली होती, मालमत्ता लुटली गेली होती, त्यांच्यातले काही तुरुंगात होते. म्हणजे एकत्र जमणं धोक्याचं होतं आणि म्हणून काहींनी सोडलं होतं. लेखक त्यांना आळशी म्हणत नाहीये, तो म्हणतोय की अशा वेळी एकमेकांना धीर कोण देणार? ज्याची श्रद्धा पक्की आहे त्याने तर आधी यावं, कारण शेजारच्याची पक्की नाही.

इ. स. ३०४ मध्ये आजच्या ट्युनिशियातल्या अबिटिना गावच्या ४९ ख्रिस्ती लोकांना रोमी सरकारने पकडलं. सम्राट डायोक्लेशियनने सभांवर बंदी घातली होती तरी ते एकाच्या घरात जमले होते. विचारलं बंदी मोडून का जमलात, तर ज्याच्या घरात जमले तो म्हणाला की प्रभूच्या दिवसाच्या या भोजनाशिवाय आम्हाला राहता येत नाही. इथे परखडरावांचाही मुद्दा बसतो बघा, चर्चची इमारत नव्हती, घरच होतं. पण दार लावून एकच कुटुंब बसलं नव्हतं.

आणि लूक ४:१६. येशू नासरेथला आला आणि "आपल्या परिपाठाप्रमाणे" शब्बाथ दिवशी सभास्थानात गेला. त्या सभास्थानातली माणसं काय लायकीची होती ते पुढच्या दहाबारा ओळींत कळतं, त्यांनी त्याला कड्यावरून ढकलायला नेलं. त्याला तिथे शिकण्यासारखं काय होतं? तरी परिपाठ होता. हा एक शब्द मला फार विचार करायला लावतो.

कुवेतहून

मी इथे हॉस्पिटलला स्टाफ नर्स आहे, मूळची श्रीरामपूरची. इथे सुट्टी शुक्रवार-शनिवार, रविवार कामाचा दिवस, त्यामुळे आमची मोठी उपासना शुक्रवारी होते. दुबईलाही तसंच होतं, पण तिकडे जानेवारी २०२२ पासून शनिवार-रविवार सुट्टी झाली. म्हणजे वार कुठला यावर काही अडत नाही हे इथे आल्यावर पहिलं कळलं. कुवेत सिटीत एकाच आवारात कितीतरी भाषांच्या मंडळ्या पाळीपाळीने उपासना करतात, एक बाहेर पडते, दुसरी आत जाते, जिन्यात मल्याळम, तेलुगू, अरबी, टागालोग सगळं ऐकू येतं.

माझी शिफ्ट ड्युटी, महिन्यातले काही शुक्रवार जातातच. पहिल्या वर्षी मी पण म्हणायचे की रूमवर प्रार्थना करते ना, बस झालं. मग वडील गेले आणि रजा मिळाली नाही. त्या शुक्रवारी मी गेले आणि मला मराठी न येणाऱ्या एका बाईने मी काही न सांगता धरून ठेवलं, नंतर तिच्या ग्रुपने महिनाभर माझ्या रूमवर डबा पोचवला. यूट्यूबवरच्या पास्टरला माझे वडील गेलेले कळलं नसतं. भावाला एवढंच सांगा ताई, आज त्याला गरज नसेल, पण त्या हॉलमध्ये कुणीतरी माझ्यासारखी बसलेली असते.

एकटीच_येते

सगळ्यांचं वाचलं. मी दर रविवारी जाते, मागच्या बाकावर बसते आणि संपलं की निघते. घटस्फोट झाल्यापासून महिला मंडळात मला प्रार्थना चालवायला सांगत नाहीत. "कशी आहेस" विचारतात आणि उत्तर ऐकायच्या आधी पुढे जातात. कुवेतताईंसारखा अनुभव मला यावा अशी खूप इच्छा आहे पण आलेला नाही.

तरी जाते. का ते सांगते. १ करिंथ ११ मध्ये पौल रागावलाय, कारण प्रभुभोजनाला खाऊनपिऊन असलेले लोक आधीच जेवून घ्यायचे आणि गरीब उपाशी राहायचे. तुम्ही जमता त्याने भलं होण्यापेक्षा नुकसानच होतं, इतकं कडक बोललाय तो. पण जमणं बंद करा असं कुठेच म्हणाला नाही. म्हणाला एकमेकांसाठी थांबा. मी त्या एका ओळीवर जाते. कुणीतरी माझ्यासाठी थांबेल, आणि तोवर दारात एकटी उभी असलेली नवीन बाई दिसली तर मी तिच्यासाठी थांबते, तिला माझ्या बाकावर बसवते.

पण जाणाऱ्यांनी न जाणाऱ्यांना कमी लेखू नये हे पण लिहून ठेवते. काहींना आपणच बाहेर काढलेलं असतं.

परखड_बोलतो

ताई तुमचा प्रतिसाद वाचून थांबलो. तुमच्यासारख्या माणसांसाठी तरी आमच्यासारख्यांनी तिथे असायला हवं होतं हे मान्य करतो. पण कोर्टकचेरी चालू असलेल्या त्या आवारात मी मुलीला नेणार नाही. दुसरी मंडळी शोधावी का यावर विचार करतोय. मास्तर, टिळकांचं बरोबर आहे तुमचं.

केडगावची

पंडिता रमाबाईंचं नाव अजून कसं आलं नाही? १८८३ ला इंग्लंडमध्ये बाप्तिस्मा घेतला आणि लगेच तिथल्या अँग्लिकन सिस्टरांशी पत्रातून वाद घातला, मी ख्रिस्ताला मानते, पण तुमच्या चर्चचं सगळं काही डोळे मिटून मानणार नाही असं त्यांचं धोरण. कुठल्याच पंथाचा शिक्का त्यांनी केडगावच्या आपल्या मुक्ती मिशनवर मारू दिला नाही. भावाला आवडतील अशा बाई आहेत. पण केडगावला येऊन बघा, एवढ्या विधवा आणि दुष्काळातल्या मुली त्यांनी गोळा केल्या त्यांचा दिवस एकत्र प्रार्थनेनेच सुरू व्हायचा. १९०५ चं जागरण झालं तेही एकत्र प्रार्थना करणाऱ्या बायकांमध्येच झालं. पंथ नाकारणं वेगळं आणि माणसं नाकारणं वेगळं, रमाबाईंनी पहिलं केलं.

हरेगाव_परिसर

आमच्याकडे सप्टेंबरात मतमाउलीच्या, म्हणजे मरियामातेच्या, यात्रेला लाखांनी लोक येतात, नवस फेडतात, त्यात हिंदू बांधव पण खूप. पण पुढच्या रविवारी मिस्सेला बघा, नेहमीचीच माणसं. मला तर वाटतं हीच माणसं सगळं धरून आहेत. बाकी चर्चा चांगली चाललीय, वाचतोय.

आगाशीकर

नगरची_लेक ताई, एक विचारू का, राग मानू नका. भावाने येणं बंद केल्यावर त्याच्या मंडळीतून त्याच्याकडे कुणी गेलं का? पाळकसाहेब, कमिटीवाले, कुणीही?

नगरची_लेक

दादा, राग कशाला. प्रश्न बरोबर जागी लागला. मी काल त्याला फोन करून विचारलं. कुणी गेलं नाही. वर्गणीचा मेसेज येतो व्हॉट्सॲपवर, तो भरतो पण. फोन एकाचाही नाही. तो हसत सांगत होता पण मला कळलं की तिथे काहीतरी दुखतंय. म्हणजे मला काही मिळत नाही असं जे तो म्हणतो त्याच्या खाली कदाचित मी गेलो नाही तरी कुणाला फरक पडला नाही हे आहे.

सगळं वाचून माझं मत सांगते, आणि ते आधीपेक्षा जास्त ठाम झालंय. नियमित जाणं महत्त्वाचं आहे, आणि ज्याची श्रद्धा मजबूत आहे त्याच्यासाठी जास्त महत्त्वाचं आहे. कमकुवत माणूस आधारासाठी जातो, त्याला जावंच लागतं. माझ्या भावासारख्याने मात्र आधार व्हायला जायचं आहे. तो ज्या मुलाच्या डायलिसिसला पैसे देतो त्या मुलाच्या आईशेजारी तो रविवारी बसला तर तिला पैशाहून वेगळं काहीतरी मिळेल. कुवेतताई आणि एकटीच_येते, तुमचे दोन्ही प्रतिसाद मी त्याला पाठवले आहेत. त्याने अजून उत्तर दिलेलं नाही.

पण दुसरी बाजू मी तितक्याच जोरात मांडणार आहे आणि ती आमच्या पाळकांसमोर मांडणार आहे. दुसऱ्या शतकात जस्टिन मार्टरने रोममधून लिहिलंय की रविवारी शहरातले, खेड्यातले सगळे ख्रिस्ती एका ठिकाणी जमायचे, लेखांचं वाचन व्हायचं, भाकर आणि द्राक्षारस वाटला जायचा, आणि जे आले नाहीत त्यांच्यासाठी सेवक तो घरी घेऊन जायचे. म्हणजे उपासनेच्या सगळ्यात जुन्या वर्णनांपैकी एक म्हणावं अशा मजकुरातसुद्धा न आलेल्यांची आठवण आहे! आपण हजेरीवर प्रवचनं देतो पण गैरहजर माणसाच्या घरची पायरी चढत नाही. माझ्या आईचे शेवटचे आठ महिने अंथरुणात गेले. याकोब ५:१४ सगळ्यांना पाठ आहे, दुखणाइताने मंडळीच्या वडिलांना बोलवावं. आम्ही बोलवलं होतं. नाताळच्या आधी एकदा आले, फोटो काढला, गेले. असं असेल तर कुणाला "चर्चला ये" म्हणायचा हक्क आपल्याला उरतो का?

निवृत्त_मास्तर

उरत नाही. म्हणून आमच्या मंडळीत काय करतो ते लिहितो, उपयोग झाला तर बघा. मंडळी छोटी आहे, तीसेक कुटुंबं. उपासना संपली की लगेच सगळे पांगत नाहीत, चहा असतो, आणि त्या चहाच्या वेळात संडे स्कूलच्या शिक्षिका आणि मी मिळून कोण दिसलं नाही ते बघतो. वहीबिही नाही, वहीत नावं लिहिली की लोकांना हजेरी घेतल्यासारखं वाटतं. मग त्याच दुपारी दोघं दोघं मिळून जातात. का आला नाहीत असं विचारायचं नाही हा आमचा एकच नियम. बसायचं, विचारपूस करायची, आजारी असेल तर प्रार्थना करायची, प्रभुभोजनाचा रविवार असेल तर पाळकसाहेब स्वतः भाकर-द्राक्षारस घेऊन जातात. एका कुटुंबाकडे असे वर्षभर जात होतो, ती माणसं अजूनही येत नाहीत, पण त्यांच्या घरी आता आम्हाला चहाला थांबवतात आणि शेजारच्या म्हातारीला दवाखान्यात न्यायचं असलं की तेच आम्हाला फोन करतात.

पिंपरीत माझे दोन जुने विद्यार्थी राहतात, दोघेही मंडळीत आहेत. तुमच्या भावाची हरकत नसेल तर त्यांना सांगतो, येत्या रविवारी दुपारी जाऊन येतील. तुम्ही फक्त त्याला विचारून इथे हो किंवा नाही कळवा, नंबर-पत्ता इथे लिहू नका, मला खासगी निरोप करा.

नगरची_लेक

मास्तर, विचारलं. म्हणाला येऊ देत, पण संध्याकाळी पाचनंतर, दुपारी मुलीचा क्लास असतो. निरोप केलाय तुम्हाला.